लातूरला जय मरत नाही

लहानपणी मी एकही पिच्चर पूर्ण पाहिलेला नाही. पिच्चर कमी पाहिले असं नव्हे, ढिगानं पाहिले. पण नांदेडला पाहिलेल्यांना सुरुवात नव्हती आणि लातूरला पाहिलेल्यांना शेवट नव्हता. नांदेड आमचं गाव, लातूर आजोळ. मधे लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाणाऱ्या लाल एसटीचा रस्ता. नांदेडला हुकलेल्या सुरुवाती आणि लातूरला हुकलेले शेवट अहमदपूरच्या स्टँडवर एकमेकांची वाट बघत बसले असतील, असं मला अजून वाटतं.

दोन्ही गावांतल्या टॉकीजची नावं मुद्दाम घेत नाही. पुढं ढेकणांचा विषय निघणार आहे आणि मालकांची नातवंडं आता चांगल्या हुद्द्यांवर आहेत.

सुरुवात न दिसण्याचं कारण आमचे अण्णा. अण्णा सरकारी नोकरीत होते आणि सहाचा खेळ म्हणजे सहाला घरातून निघायचा खेळ, अशी त्यांची समजूत होती. त्यामागं त्यांचा एक सिद्धांत होता. त्या काळी प्रत्येक टॉकीजला मूळ पिच्चरच्या आधी फिल्म्स डिव्हिजनचं रीळ दाखवावंच लागायचं. कुठं धरणाचं भूमिपूजन, कुठं पूर, कुठं परदेशी पाहुण्यांच्या गळ्यात हार. आम्ही त्याला नुसतं ‘न्यूज’ म्हणायचो. अण्णा म्हणायचे, “आधी न्यूज असते. सरकारी काम आहे ते. सरकारी काम वेळेवर सुरू झालेलं मी सोळा वर्षांच्या नोकरीत पाहिलं नाही.” सिद्धांत पक्का होता, फक्त मशीन चालवणारा ऑपरेटर सरकारी नव्हता. तो सहाला म्हणजे सहाला सुरू करायचा.

आईची तयारी दुपारी चारपासून. परत यायला साडेनऊ होणार म्हणून भाकरी आत्ताच, दूध मांजराला सापडणार नाही अशा जागी, मग तिलाही सापडणार नाही अशी ती जागा. देवापाशी दिवा. धाकटीची वेणी. मग अण्णा कुलूप लावायचे, फाटकापर्यंत जायचे, परत येऊन कुलपाला हिसका द्यायचे, पुन्हा फाटकापर्यंत जायचे आणि तिथून आईला विचारायचे, “मी कुलूप ओढून बघितलं का?” एवढं झाल्यावर टांगेवाल्याशी घासाघीस. इतवाऱ्यातून वजिराबादला जायचे टांगेवाला काय मागायचा ते आठवत नाही, पण तो मागायचा त्याच्या निम्म्यावर अण्णा सुरू व्हायचे आणि दोघांची गाठ पडेपर्यंत तिकडं पडद्यावर हिरोचा बाप मेलेला असायचा. सत्तरच्या दशकात हिरोचे बाप फार लवकर मरायचे. मी एकाचाही बाप जिवंत पाहिलेला नाही.

उशिरा येणाऱ्यांचा वाली म्हणजे डोअरकीपर चाचा. हातात टॉर्च, खांद्यावर रुमाल. टॉर्चच्या उजेडापेक्षा त्यांच्या तोंडाचा उजेड जास्त. जागा दाखवता दाखवता ते झालेली कथा सांगून टाकायचे. “बाप मर गया. दो भायां बिछड गये. वो जो टोपी पैना, वोच मार्‍या.” आम्ही बसायच्या आत सगळं समजलेलं असायचं. पुढं टीव्हीवर मालिका आल्या, त्यांत सुरुवातीला ‘आतापर्यंत’ म्हणून तुकडे दाखवायला लागले, तेव्हा लोकांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. चाचा ते काम एका टॉर्चवर करायचे. त्यांचा दोष एवढाच, की झालेली कथा कुठं संपते आणि न झालेली कुठं सुरू होते, याचं त्यांना भान राहायचं नाही.

पिच्चर आमच्याकडं यायचा तोही हैदराबादेहून. इथं एक गंमत सांगायला हवी. निजामाचं राज्य संपलं १७ सप्टेंबर १९४८ ला. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. पण सिनेमाच्या धंद्यात ही बातमी कुणी कळवलीच नाही. पिच्चर वाटून देणाऱ्यांच्या नकाशात मराठवाडा आजही ‘निजाम’ नावाच्या सर्किटमध्ये मोडतो, तेलंगणाच्या पंगतीत. म्हणजे आमच्या वडीलधाऱ्यांनी ज्या निजामाविरुद्ध लाठ्या खाल्ल्या, त्याच्याच नावाच्या सर्किटमधून आलेला पिच्चर बघायला आम्ही थर्ड क्लासच्या खिडकीवर एकमेकांच्या खांद्यावर चढायचो. पत्र्याच्या गोल डब्यांतली रिळं रेल्वेनं यायची. हैदराबादेत, सिकंदराबादेत, निजामाबादेत फिरून फिरून प्रिंट इतकी झिजलेली असायची, की आमच्या गावात प्रत्येक पिच्चरमध्ये पाऊस पडायचा. राजस्थानच्या वाळवंटातसुद्धा. हिरो कोरडा आणि पाऊस मुसळधार, याचं आम्हाला काही वाटायचं नाही. पावसासाठी तरसलेला मुलूख आमचा. पडतोय तर पडू दे, असं होतं.

मी सात वर्षांचा होईपर्यंत आईबरोबर लेडीजमध्ये बसायचो. लेडीजची खिडकी वेगळी, दार वेगळं, आणि पुरुषांच्या बाजूला एक मळकट पडदा. न्यूज संपून पिच्चर सुरू झाला की तो सरकवायचे. आत पन्नास बायका, त्यांच्या मांडीवर तीसेक पोरं, आणि पडद्यावर काय चाललंय यापेक्षा आपल्या रांगेत काय चाललंय याकडं सगळ्यांचं लक्ष. सासू छळायला लागली की एखादी मावशी मोठ्यानं म्हणायची, “आमचीच बघून आलाय मेला.” पिच्चरवाल्याला उद्देशून. मधेच पलीकडून अण्णांचा आवाज यायचा, “चावी तुझ्याकडं आहे ना?” पन्नास बायका एकदम आपापल्या कनवटीला हात लावायच्या. एकदा शेजारच्या काकूंनी मला बघून म्हटलं, “एवढा घोडा झालाय, अजून इकडंच?” आणि इंटरवलमध्ये माझी बदली झाली. पुरुषांकडं खुर्च्यांत ढेकूण जास्त होते, पण चर्चा कमी. मी त्या सौद्यात तोट्यातच राहिलो.

आता लातूर.

लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. त्याचा जिल्हा झाला १९८२ मध्ये. पण तोरा जिल्ह्याचाच. आबा, म्हणजे आईचे वडील, गंजगोलाईजवळ एका आडत दुकानात मुनीम. गंजगोलाई ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: मधे देवीचं मंदिर, भोवती गोल बाजार आणि त्या गोलातून फुटणारे सोळा रस्ते. एका रस्त्याला सोनं, एकाला कापड, एकाला भांडी, एकाला गूळ. सोळा रस्ते असूनही पिच्चर सुटल्यावर सगळं गाव आपल्याच रस्त्यानं येणार आणि आपण चेंगरून मरणार, अशी आबांची खात्री होती. म्हणून ते शेवटच्या आधी उठायचे.

उठायचे म्हणजे एकटे नाही. आजी, मामी, मी, मामेभाऊ बाळू, शेंगदाण्याची पुडी, पाण्याचा तांब्या, सगळा लवाजमा उठवायचे. जागा मुद्दाम दाराजवळच्या रांगेत धरलेली. हिरो आणि व्हिलन समोरासमोर आले, पिंपं गडगडायला लागली, की आबा धोतराचा सोगा सावरायचे.

“उठा. झालं.”

“आबा, अजून हाय की!”

“काय हाय? हाणामारी होती, पोलीस येतेत, संपतंय. चला.”

आणि त्यात त्यांचं काही चुकतही नव्हतं. त्या काळच्या पिच्चरमध्ये शेवटी पोलीस यायचेच. बेड्या घालायचे, हिरोला शाबासकी द्यायचे. आबा जन्मभर खतावण्या जुळवलेला माणूस. कुणाचं कुणाकडं किती येणं आहे हे एकदा कळलं, की वसुली बघायला थांबायची त्यांना गरज वाटायची नाही. “वही जुळली की मिटवायची,” म्हणायचे. आम्ही मान मागं वळवून वळवून बाहेर पडायचो. शेवटच्या दृश्याचं मला जे काही दिसलं ते दाराच्या पडद्याच्या फटीतून, चालता चालता. बाहेर आलो की रस्ता मोकळा, कुत्रं नाही. आत लोक आरडाओरडा करतायत, शिट्ट्या मारतायत. आबा समाधानानं म्हणायचे, “बघ, हाय का गर्दी?”

आबांना एकदाच हार खावी लागली. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ आला. त्याच साली ‘दीवार’ आणि ‘शोले’ आले, पण आमच्या आजीच्या लेखी ते साल संतोषीमातेचं. टॉकीजच्या दारात बायका चपला काढून आत जात होत्या. देवळात जातात तशा. पडद्यावर देवी दिसली की खालून आरती, नाणी, फुलं. एकीनं नारळ आणला होता, तो फोडायचा कुठं यावरून वाद झाला. या पिच्चरला उठा म्हणायची आबांची हिंमत झाली नाही. शेवटची आरती होईपर्यंत बसले, हात जोडून बसले, आणि नेमकी त्यांना जन्मभर वाटत होती ती गर्दी बाहेर आली. कारण दारात पाचसातशे चपला, सगळ्या सारख्या, सगळ्या पट्टीच्या, आणि वर दिवा एकच. लोक आधी भक्तिभावानं शोधत होते, मग साधेपणानं, शेवटी जी येईल ती. आबा एक स्वतःची आणि एक परकी अशी घेऊन घरी आले. परकी चांगली नवी होती. “देवीनं अर्धा जोड दिला,” आजी म्हणाली. आबा त्यावर काही बोलले नाहीत, पण पुढं कितीतरी दिवस गंजगोलाईत ते लोकांच्या तोंडाकडं न बघता पायांकडं बघत फिरायचे. हिशोब राहिला होता.

‘शोले’ मुंबईत लागला १५ ऑगस्ट १९७५ ला. आमच्याकडं यायला त्याला बराच वेळ लागला, आणि नांदेडला आला तेव्हा मला गोवर निघाला. पंधरा दिवस मी खिडकीत बसून, शाळेतून येणाऱ्या पोरांकडून तुकड्या-तुकड्यांनी गब्बर ऐकला. त्यात कुणी शेवट सांगितला असेल तर तो तापात गेला. त्या उन्हाळ्यात लातूरला गेलो तर तिथं ‘शोले’! बाळूनं आणि मी आबांच्या इतक्या विनवण्या केल्या, की ते सव्वातीन तासांच्या पिच्चरला तयार झाले. सव्वातीन तास ऐकून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “मधी दोनदा सोडतेत का?”

लातूरचा ‘शोले’ मी पहिल्यापासून पाहिला. रेल्वे पाहिली, घोडे पाहिले, मालगाडीवरची मारामारी पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा मला हिरो कुठून आले ते कळलं होतं. जयचं ते नाणं तर मला फारच आवडलं. काही ठरवायचं झालं की उडवायचा आणि नाणं सांगेल तसं करायचा. आणि मग तो पूल आला. गोळ्या संपत आलेल्या, जय नाणं उडवतो, वीरूला परत पाठवतो, एकटाच बंदूक घेऊन पुलापाशी बसतो.

आबांनी सोगा सावरला.

मी गयावया केली. बाळूनं खुर्चीचा हात धरून ठेवला. आबा म्हणाले, “एवढा मोठा पूल हाय, एवढी दारू हाय, त्यो संभाळतंय. वीरू पोलीस घेऊन येतंय. चला.” आणि आम्ही जयला पुलापाशी सोडून गंजगोलाईच्या मोकळ्या रस्त्यानं घरी आलो. त्या रात्री गच्चीवर झोपताना बाळूनं आणि मी पुढचा पिच्चर तयार केला. वीरू पोलीस घेऊन आला. जयनं त्या विधवा सुनेशी लग्न केलं. लग्नाला मावशी होती. गंजगोलाईवरून केळी आणली होती. मंडप आमच्याच गल्लीत होता.

नांदेडला परत आलो तर शाळेत सगळी पोरं म्हणतायत, जय मरतो.

“कुठं मरतंय बे? मी सोता बघितलो.”

“काय बघितलास? मरतंय. वीरूच्या मांडीवर.”

“तुमच्या नांदेडला मरत आसंल. आमच्या लातूरला मरत नाही.”

दहा गोट्यांची पैज लागली. मी मनापासून बोलत होतो, हे आज कुणाला पटणार नाही. पण आमच्या अनुभवात एकच पिच्चर दोन गावांत सारखा नसायचाच. प्रिंट तुटायची, रीळ जळायचं, ऑपरेटरला घरी जायची घाई असली तर दोन गाणी उडायची. माळेगावच्या यात्रेत तर आम्ही पिच्चर पडद्याच्या मागून पाहिला होता. मार्गशीर्षात खंडोबाची ती यात्रा भरते, घोडे-गाढवांचा बाजार, तमाशाचे फड, आणि तंबूतलं टूरिंग टॉकीज. पुढच्या बाजूला जागा संपली, की लोक पडद्याच्या पाठीमागं बसायचे. तिथून सगळं उलटं. पाट्या उलट्या, सगळे डावखुरे. अमिताभ मुळातच डावखुरा, त्यामुळं माळेगावला तो एकटाच उजव्या हातानं जेवायचा. जिथं माणसाचा हात बदलतो, तिथं जगणं-मरणं बदलायला काय हरकत आहे?

दिवाळीत नांदेडला ‘शोले’ पुन्हा लागला. अण्णांना मी तीनला तयार करायला लागलो. तरीही कुलूप, फाटक, टांगा. आम्ही पोचलो तेव्हा मालगाडी कधीच निघून गेली होती. चाचा टॉर्च घेऊन आले. “रेल हो गई. दोनों चोर हैं, मगर दिल के अच्छे. वो शालवाला ठाकूर. उसकू हाथां नैं, मगर अब्बी किसीकू बोलो नक्को.” अण्णा संतापले. त्यांना हा पिच्चर नवा होता.

मी मात्र निर्धास्त होतो. पूल आला. आता इथून पुढचं मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि माझ्या मागच्याच रांगेत पैजेतली चार पोरं बसली होती. जय पडला. वीरू धावत आला. तेवढ्यात पडदा लालसर होत होत अंधारायला लागला. मशीनमध्ये तेव्हा दोन कार्बनच्या कांड्या असायच्या. त्यांच्या टोकांमध्ये ठिणगीचा उजेड पडायचा, आणि कांड्या जळून आखूड झाल्या की ऑपरेटरनं त्या हातानं जवळ आणायच्या. त्याला डुलकी लागली की पडद्यावर संध्याकाळ. सगळं टॉकीज ओरडायला लागलं, “ए कार्बन! कार्बन!” मी एकटा मनात म्हणत होतो, झोपू दे त्याला. उजेड आला नाही तर जय मरणार नाही.

उजेड आला. जय मेला. मी खुर्चीवर उभा राहिलो आणि रडत ओरडलो, “खोटं आहे! लातूरला मरत नाही!”

पुढून कुणीतरी म्हणालं, “तर मंग लातूरला जाऊन बस की बे!”

टॉकीजभर हशा पिकला. जय मरताना हसलेलं भारतातलं ते एकमेव टॉकीज असावं. त्यावर आणखी घाव म्हणजे ते नाणं. वीरूनं उलटून पाहिलं तर दोन्ही बाजूंना सारखंच. मी दहा गोट्या दिल्या आणि घरी येऊन आबांना पोस्टकार्ड लिहिलं: जय मेला. नाणं खोटं होतं. पोलीस आले.

आबा म्हणजे गल्ल्यात आलेलं नाणं फरशीवर वाजवून घेणारे मुनीम. दोन-अडीच तास त्यांच्या डोळ्यांसमोर खोटं नाणं उडत होतं आणि ते निकाल न बघता उठून आले, याची त्यांना लाज वाटेल अशी माझी कल्पना. आठ दिवसांनी उत्तर आलं. वर ‘श्री’, खाली सगळ्यांना आशीर्वाद, पेरणीची हकीकत, तुरीचा भाव आणि शेवटी दोन ओळी: नाण्याचा संशय मला होताच, दर खेपेला त्याच्याच मनाजोगतं पडत होतं. पोलीस आले हे बरं झालं.

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाळू लातूरलाच आहे, निवृत्त झाला. २०२५ साली एकदा रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. मला वाटलं कुणी गेलं.

“बातमी बघितलास का? इटलीत बोलोन्या म्हणून गाव हाय. तिथं शोले दाखवले. नवा करून. आन् शेवट येगळाच.”

मी वाचलं होतं. रमेश सिप्पींनी मुळात शेवट वेगळा चित्रित केला होता. ठाकूर गब्बरला जिवे मारतो. पण आणीबाणीचे दिवस. माजी पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घ्यायचा, हे सेन्सॉरला चाललं नाही. मग शेवट पुन्हा चित्रित झाला आणि त्यात पोलीस घातले गेले. पन्नास वर्षांनी तो मूळ शेवट परत जोडून बोलोन्याच्या भर चौकात, उघड्यावर मोठा पडदा लावून, हजारो लोकांना दाखवला. म्हणजे माळेगावची यात्राच, फक्त गाढवं नाहीत.

“म्हणजे पोलीस येत नाहीत,” मी म्हणालो.

“येतच नाहीत.”

बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग मी म्हणालो, “आबा पाहिजे होते. एवढा एक तरी शेवट थांबून बघितला असता त्यांनी.”

“कशाला थांबतेत?” बाळू म्हणाला. “मोकळा चौक, एवढी माणसं. पुलापाशीच उठले असते.”